श्रीरंगपट्टणची निर्जळी

रविवारच्या चौकोनात ‘स्मार्त एकादशी’ असं छापलेलं दिसलं आणि सुलभाताईंनी हातातला चहाचा कप तसाच ओट्यावर ठेवला. चष्मा पुसून त्यांनी कॅलेंडरात पुन्हा पाहिलं. सोमवारच्या चौकोनात ‘भागवत एकादशी’ होती, पण तिच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. लागोपाठ दोन एकादश्या आल्या की पहिली तेवढी आपली आणि दुसरी कुणा दुसऱ्यांची, एवढंच शास्त्र त्यांना माहेरी शिकवलेलं होतं. ते दुसरे कोण, असा प्रश्न त्यांना आजवर पडला नव्हता.

“त्यांनी मुद्दाम एकादशीच निवडलीय,” त्या म्हणाल्या.

रत्नाकररावांनी पेपरमधून डोकं वर काढलं. ‘त्यांनी’ म्हणजे कोणी, हे विचारायची गरज नव्हती. गेला महिनाभर त्या घरात ‘ते’ म्हणजे बसवनगुडीचे भीमाचार्यच होते. आचार्यांचा मुलगा प्रणीत आणि सुलभाताईंची एकुलती एक वेदिका महादेवपुऱ्यात एकाच कंपनीत कामाला होती. दोघांनी आपलं ठरवून टाकलं होतं आणि आता आईबापांनी ते रीतसर ठरवायचं बाकी होतं. दोन्ही घरं मराठी, तेव्हा यात अडचण काय, असं सगळ्यांनाच आधी वाटलं. पण मराठी-मराठीतही अंतर असतं. रत्नाकरराव सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून साताऱ्याहून बेंगळुरूला आले, त्याला जेमतेम तीस वर्षं झाली होती. आचार्यांचं घराणं इथं आलं ते शहाजीराजांच्या मागोमाग, असं त्यांच्या घरी सांगत. मधल्या काळात त्या घरातल्या मराठीत कन्नड मिसळलं, भाताचे प्रकार वाढले आणि सोवळं मात्र होतं तसंच राहिलं.

आचार्य निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी लग्नाला नाही म्हटलं नव्हतं आणि हो सुद्धा म्हटलं नव्हतं. घरी बोलावलं की सगळी माणसं चांगलीच असतात, दिवसभर एका गाडीत बसलं म्हणजे माणूस कळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून त्यांनी दोन्ही घरांनी मिळून श्रीरंगपट्टणला जायचं ठरवलं. कावेरीच्या दोन धारांमधलं ते बेट, रंगनाथाचं देऊळ, जुना किल्ला, बाग, संगम, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. वारही त्यांनीच कळवला, रविवार.

“निवडली असेल. आपल्याला काय,” रत्नाकरराव म्हणाले. “तू खिचडी कर. एकादशी आणि दुप्पट खाशी.”

सुलभाताईंना हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं नाही. वेदिकानं त्यांना मागेच सांगितलं होतं की प्रणीतच्या घरी एकादशीला पाणीसुद्धा घेत नाहीत. सुलभाताईंच्या एकादशीला खिचडी असे, शेंगदाण्याची आमटी असे आणि संध्याकाळी रताळ्याचा कीस. वेदिका तर सकाळी चहा पोटात गेल्याशिवाय डोळेही धड उघडत नसे. ते लोक नाही म्हणतील याची सुलभाताईंना भीती वाटत होती, आणि हो म्हणतील याची त्याहून थोडी जास्त. त्या घरात आपली पोर कशी राहणार, हा विचार त्यांना रात्री झोपू देत नव्हता. पण परीक्षा आईची ठेवलेली दिसत होती आणि आईनं नापास होऊन चालणार नव्हतं.

“रविवारी आपण निर्जळी करायची,” त्यांनी सांगितलं. “सगळ्यांनी.”

रत्नाकररावांनी आयुष्यात जेवण चुकवलं नव्हतं. संपाच्या दिवसांतसुद्धा ते कँटीन चालू असेपर्यंत कारखान्यातच थांबत. त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पेपरची घडी घातली.

तरीही बाईचा जीव. रविवारी पहाटे सुलभाताईंनी डबाभर साबुदाण्याची खिचडी केली, स्टीलच्या डब्यात भरली आणि पिशवीच्या तळाशी शालीखाली लपवली. नवरा चक्कर येऊन पडला तर हाताशी काहीतरी असावं, एवढाच हेतू होता.

त्याच पहाटे बसवनगुडीत विमलाबाईही उठल्या होत्या. आचार्यांनी पंचांग बघूनच रविवार ठरवला होता. घराणं वैष्णव, म्हणून त्यांची एकादशी सोमवारची, भागवत; त्या दिवशी सहल शक्य नव्हती. रविवारी दशमी. त्या घरात दशमीला एकदाच जेवायचं, तेही दिवसाउजेडी. दुसऱ्या दिवशी अन्न नाही, पाणी नाही. तिसऱ्या दिवशी सूर्य उगवला की पारणं. म्हणजे रविवारी दुपारी नदीकाठी जे पोटात जाईल, त्याच्यावर मंगळवार सकाळपर्यंत काढायचं होतं. म्हणून विमलाबाईंनी न्हाऊन, मडीचं, म्हणजे सोवळ्याचं, लुगडं नेसून, कुणाला शिवू न देता, चिंचेच्या कोळातला भात, म्हणजे घसघशीत पुळियोगरे केलं, दहीभात कालवला आणि सहा जणांना पुरतील अशी केळीची पानं गुंडाळून घेतली. पाहुण्यांना पहिल्यांदा आपल्या हातचं वाढायचं म्हणून त्यांनी तीळ जास्तच घातले होते.

गाडी प्रणीत चालवत होता. म्हैसूर रस्त्याला लागल्यावर विमलाबाईंनी पाण्याची बाटली काढली आणि आपल्या विहीणबाईंना, अजून न झालेल्या, आधी विचारावं म्हणून सुलभाताईंपुढे धरली.

“घ्या की अक्का, स्वल्प.”

“नको,” सुलभाताई शांतपणे म्हणाल्या. “आज एकादशी ना. आमच्याकडे निर्जळी असते.”

रत्नाकरराव खिडकीबाहेर बघू लागले. वेदिकानं मोबाइलमधून मान वर केली, आईकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. विमलाबाईंचा हात तसाच राहिला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

भीमाचार्यांनी डोळे मिटले होते. आज स्मार्तांची एकादशी आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यात नवल नव्हतं. पण स्मार्तांमध्ये, आणि तेही कारखान्यात नोकरी केलेल्या साताऱ्याच्या माणसाच्या घरात, अजून कुणी निर्जळी करतं, हे ऐकून ते अगदी हलून गेले. आजकाल त्यांच्या स्वतःच्या भावकीतसुद्धा लोक दूध-फळं चालतात असं म्हणू लागले होते. आमची एकादशी उद्या आहे, हे आता बोलणं बरोबर नव्हतं. व्रत धरलेल्या माणसाच्या मनात तिथीचा संशय घालू नये, असं ते मानत. आणि अशा माणसांसमोर बसून आपण पान मांडणं तर सुतराम शक्य नव्हतं. त्यांनी डोळे उघडून बाटलीकडे बोट केलं आणि पिशवीकडे केलं. विमलाबाईंनी बाटली आत ठेवली.

सुलभाताईंनी ते पाहिलं. घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणजे वेदिका सांगत होती ते अक्षरशः खरं होतं. आपण योग्य तेच केलं याचं त्यांना समाधान वाटलं आणि त्याच क्षणी तहान लागली.

मद्दूर आलं. तिथं गाडी थांबवून वडे खाल्ल्याशिवाय बेंगळुरूचा माणूस पुढे जात नाही, आणि रत्नाकरराव तर आठवडाभर मनातल्या मनात त्या वड्यांच्या कडा मोडत होते. प्रणीतनं सवयीनं गाडी हॉटेलसमोर उभी केली. तळणाचा वास काचांतून आत आला. कुणीच उतरलं नाही. आचार्यांना वाटलं, पाहुण्यांचा उपास आहे. पाहुण्यांना वाटलं, आचार्यांचा आहे. थोडा वेळ सहाही जण त्या हॉटेलच्या पाटीकडे एखाद्या देवळाकडे बघावं तसे बघत राहिले. मग आचार्य म्हणाले, चल रे. प्रणीतनं गाडी काढली. रत्नाकररावांनी मागं वळून पाहिलं नाही, त्यांना ते झेपलं नसतं.

इथून पुढे रत्नाकररावांचं बोलणं बंद झालं. एरवी ते गाडीत बसले की पुलांचे खांब, टोलचे दर, कारखान्यातले जुने साहेब असं अखंड बोलत. बेंगळुरूहून निघताना आचार्यांना याचीच धास्ती होती, कारण बोलघेवड्या माणसाचं आणि त्यांचं कधी जमलं नव्हतं. पण हा गृहस्थ मद्दूरपासून मौन धरून बसलेला पाहून त्यांचं मत पालटत गेलं. व्रताच्या दिवशी माणसानं असंच कमी बोलावं. त्यांनी मनात पहिली खूण केली.

रंगनाथाच्या देवळापाशी पोचेपर्यंत गाडीत दुसरंच एक संकट उभं राहिलं. उन्हानं गाडी तापली होती आणि विमलाबाईंच्या पुळियोगऱ्याचा वास झाकणातून बाहेर यायला लागला होता. चिंच, हिंग, तीळ, कढीपत्ता. रत्नाकररावांना आधी वाटलं, उपाशीपोटी माणसाला असे भास होत असतील. सुलभाताईंनाही तोच भास होत होता, पण तो नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. विमलाबाई मात्र जाणून होत्या. निर्जळी धरलेल्या माणसांना आपण बंद गाडीत चिंचेचा वास देत बसलो आहोत, या विचारानं त्या कासावीस झाल्या. याहून मोठं पाप काय असणार?

देवळात सगळे दर्शनाच्या रांगेत गेले. विमलाबाई चपला ठेवायचं निमित्त काढून मागं राहिल्या. त्यांनी प्रणीतकडून किल्ली घेतली, दोन्ही डबे काढले आणि देवळाच्या आवारात झाडाखाली बसलेल्या यात्रेकरूंच्या एका मेळ्याला सगळं वाढून टाकलं. हासनकडच्या बायका होत्या. त्यांनी बोटं चाटत खाल्लं आणि त्यांना आशीर्वाद दिला. विमलाबाई मोकळे डबे पिशवीत ठेवून रांगेत येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याला हे सांगायचं राहून गेलं, किंवा धीर झाला नाही, दोन्ही म्हणता येईल.

दर्शन झाल्यावर प्रणीत आणि वेदिका गाडी सावलीत लावतो म्हणून गेले आणि त्यांना सावली शोधायला बराच वेळ लागला. त्या वेळात दोघांनी एकमेकांना सगळं सांगून टाकलं. आज आमची दशमी आहे, असं प्रणीत म्हणाला. माझ्या आईनं जन्मात निर्जळी केलेली नाही, असं वेदिका म्हणाली. जाऊन सांगून टाकावं, असं प्रणीतला वाटलं.

“वेडा आहेस का?” वेदिका म्हणाली. “सकाळपासून चौघांचं एकदाही वाजलेलं नाही. बाबा गप्प आहेत. माझे बाबा. तू त्यांना खायला घातलंस ना, की ते तुझ्या अण्णांना धरणांची उंची सांगायला लागतील, आणि मग बस बोंबलत.”

प्रणीतनं विचार केला आणि त्याला पटलं. मग दोघांनी किल्ल्याजवळच्या हॉटेलात बसून मसाला डोसे खाल्ले, वर कॉफी घेतली आणि सुतकी चेहरे करून परत आले.

दुपार झाली तेव्हा सगळे दरिया दौलत बागेत होते. आचार्यांच्या जेवणाची वेळ येऊन गेली होती. लांबलचक हिरवळ, दोन बाजूंना कापलेली झाडं आणि मधोमध तो सागवानी महाल. आत भिंतभर चित्रं होती, हत्ती, घोडे, पालख्या, रांगेनं चाललेल्या फौजा. रत्नाकरराव एका भिंतीपुढे इतका वेळ उभे राहिले की आचार्य कौतुकानं जवळ गेले. इतिहासाची आवड दिसते, असं त्यांनी विचारलं. रत्नाकररावांनी नुसती मान हलवली. एवढ्या मोठ्या फौजेत जेवताना कुणीच कसं दाखवलेलं नाही, हे ते मघापासून शोधत होते. आचार्यांनी दुसरी खूण केली.

बाहेर बाकावर दोन्ही बायका बसल्या होत्या. दोघींच्या जिभा टाळ्याला चिकटल्या होत्या. तरी विमलाबाईंनी वेदिकाची चौकशी केली. ती पहाटे उठते का? सुलभाताईंच्या तोंडी ‘हो’ आलं होतं. पण सकाळपासून एक खोटं त्यांच्या मानेवर होतंच, आणखी एक उचलायची ताकद राहिली नव्हती. उठवावं लागतं, त्या म्हणाल्या. विमलाबाई पदरानं वारा घेऊ लागल्या. आता सगळं संपलं, असं सुलभाताईंना वाटलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगात होतं नव्हतं तेवढं पाणी तेच असावं.

संगमाला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. कावेरीच्या दोन धारा तिथं पुन्हा एक होतात आणि बेट संपतं. पायऱ्यांपाशी गोल टोपल्यांसारख्या होड्या होत्या, ज्यांना तिथं हरिगोल म्हणतात. तरुण मंडळींनी आग्रह केला. विमलाबाई बसल्या म्हणून सुलभाताईही बसल्या. दोघे पुरुष पायऱ्यांवर राहिले, सुलभाताईंची पिशवी गाडीतच राहिली आणि चौघांना घेऊन ती टोपली गिरक्या घेत नदीच्या मध्यावर गेली.

भीमाचार्य सूर्याकडे बघत होते. सूर्य माडांच्या शेंड्यांना टेकायच्या बेतात होता. तो बुडाला की दशमीचं जेवण गेलं, म्हणजे थेट मंगळवार. सत्तरीच्या माणसाला हा हिशेब जड होता. रत्नाकरराव मात्र पाण्याकडे बघत होते आणि त्यांच्या मनात वेगळंच शिजत होतं. दिवसभर हा वृद्ध माणूस तक्रारीचा एक शब्द न बोलता आपल्याबरोबर चालला होता. अशा माणसाशी खोटं वागून पोरगी त्याच्या घरात द्यायची, हे त्यांना पटेना.

“आचार्य, एक सांगतो,” ते म्हणाले. मद्दूरनंतरचं ते त्यांचं पहिलंच धड वाक्य होतं. “आम्ही निर्जळी करत नाही. कधीच केली नाही. मी तर साधा उपासही करत नाही. तुमची एकादशी कडक असते असं कळलं, म्हणून हिनं ठरवलं. पोरीसाठी. गाडीत पिशवीच्या तळाशी खिचडी आहे. तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा, पण दोष हिला देऊ नका.”

भीमाचार्यांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. शाळेत खोटं पकडल्यावर ते असेच बघत असत आणि पोरं चळाचळा कापत. पण आज त्यांच्या नजरेत राग यायलाही बळ नव्हतं.

“आमची एकादशी उद्या,” ते म्हणाले. “आज दशमी. एकदा जेवायचं असतं. सकाळपासून डबा गाडीत आहे.”

“मग जेवला का नाहीत?”

“तुमची निर्जळी होती की.”

रत्नाकररावांना हसू आलं नाही. दोघंही गंभीरपणे नदीकडे बघत राहिले, आणि मग एकाच वेळी उठले. सूर्य अजून होता. गाडी पाठीमागेच झाडाखाली उभी होती. गाडीपाशी जाऊन त्यांनी दार ओढलं तेव्हा लक्षात आलं की किल्ली प्रणीतच्या खिशात आहे आणि प्रणीत नदीत आहे.

ते पुन्हा काठावर आले. रत्नाकररावांनी हात वर करून हलवला. होडीतून चौघांनी हात हलवले. भीमाचार्यांनी उपरणं काढून हलवलं, आणि ते इतकं जोरात हलवलं की वेदिकानं उभं राहून त्यांचा फोटो काढला. दोघं बाप एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून काठावर नाचताहेत, हे बघून प्रणीतला भरून आलं. त्यानं नावाड्याला आणखी एक फेरी मारायला सांगितलं.

होडी काठाला लागली तेव्हा सूर्याचा अर्धा तुकडा शिल्लक होता. आचार्यांनी काही न बोलता मुलापुढे हात पसरला, किल्ली घेतली आणि गाडीकडे चालू लागले. त्यांना इतकं भरभर चालताना विमलाबाईंनी लग्नानंतर प्रथमच पाहिलं. काय होणार ते ओळखून त्या मागोमाग धावल्या, पण उशीर झाला होता. आचार्यांनी डबा उघडून आत पाहिलं, मग दुसरा उघडला. केळीची पानं तेवढी जागच्या जागी होती.

“देवळापाशी वाढून टाकलं,” विमलाबाई खाली बघत म्हणाल्या. “वास येत होता. ह्यांचा उपास. मला बघवेना.”

भीमाचार्य रिकाम्या डब्याकडे बघत राहिले. सुलभाताई धापा टाकत मागं येऊन उभ्या होत्या आणि त्यांना यातलं काहीच उमगत नव्हतं. आज एकादशीला यांनी जेवण कशाला आणलं होतं? त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा जमिनीकडे बघत होता. तेव्हा त्यांना हळूहळू उमगलं आणि त्या गाडीच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. आपलं खोटं उघडं पडलं. वरून त्या खोट्यापायी या माणसाचं जेवणही गेलं.

आचार्यांनी डबा बंद केला आणि वर्गात नियम सांगावा त्या आवाजात ते बोलले.

“अक्का, पंचांगात स्वल्प घोटाळा आहे. आमच्या हिशेबानं आज दशमी. दशमीला धरलेली निर्जळी लागू पडत नाही. ती आत्ता सोडावी आणि उद्या पुन्हा धरावी.” मग त्यांनी एकदा सूर्याकडे पाहिलं. “वाटेत कुणी उपाशी वाटसरू भेटला तर असावं म्हणून तुम्ही काहीतरी करून आणलं असणार. आणतात तसं. तो वाटसरू मी आहे असं समजा आणि पान वाढा. ऊन जातंय.”

सुलभाताईंनी रत्नाकररावांकडे पाहिलं. त्यांनी मानेनंच हो म्हटलं. मग सुलभाताईंनी शालीखालून तो डबा काढला. दिवसभराच्या उष्णतेनं साबुदाणा एकमेकांना असा घट्ट धरून बसला होता की चमच्यानं त्याच्या खापा निघाल्या. जो माणूस परक्या घरी पाणी घेतानाही दहा वेळा विचार करी, त्यानं गाडीच्या पायरीवर बसून, केळीचं पान मांडीवर धरून, मडी नाही की काही नाही, पानावरची खिचडी शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली. सूर्य बुडाला तेव्हा ते पाणी पीत होते. तोवर विमलाबाईंनीही चार घास खाल्ले होते. मग सुलभाताई आणि रत्नाकररावांनी खाल्लं. प्रणीत आणि वेदिका मात्र भूक नाही म्हणाले. आचार्यांनी मुलाच्या शर्टावरच्या चटणीच्या डागाकडे एकदा पाहिलं आणि विषय वाढवला नाही.

परतताना गाडीत कुणी लग्नाबद्दल बोललं नाही. रत्नाकरराव मात्र पुन्हा बोलायला लागले होते. रामनगरपर्यंत त्यांनी आचार्यांना तीन धरणांची उंची सांगितली आणि आचार्यांनी ती निमूटपणे ऐकून घेतली. बसवनगुडी आल्यावर आचार्यांनी कॉफीपूडच्या दुकानासमोर गाडी थांबवायला सांगितली. ते स्वतः उतरले, समोर दळून घेतलेल्या ताज्या पुडीची दोन पाकिटं घेऊन आले आणि एक सुलभाताईंच्या हातात दिलं.

“उद्यासाठी,” ते म्हणाले.

पाकीट अजून गरम होतं. उद्या तर निर्जळी. थकल्यामुळे बोलण्यात चूक झाली असेल, त्यांना परवा म्हणायचं असेल, असं सुलभाताईंनी धरलं.

सोमवारी त्यांनी खरोखर निर्जळी धरली. बघायला कुणी नव्हतं. रत्नाकररावांनी मी कुणाला शब्द दिलेला नाही असं जाहीर करून सकाळीच भिंतीकडे तोंड करून उपीट खाल्लं. पण काल त्या माणसानं चारचौघांत आपली लाज राखली होती, आणि तिची परतफेड करायचा दुसरा मार्ग सुलभाताईंना दिसत नव्हता. अकराच्या सुमारास त्यांचं डोकं ठणकायला लागलं. दर पंधरा दिवसांनी वेदिकाच्या नशिबी हेच येणार, हा कालचा विचार पुन्हा डोक्यात येऊन बसला होता. तेवढ्यात विमलाबाईंचा फोन आला. मंगळवारी पारण्यानंतर मुहूर्त बघायला बसू, असं ह्यांनी सांगितलंय, असं त्या म्हणाल्या. सुलभाताईंना आनंद झाला, पण आवाजात तो उतरेना.

“तुमचा घसा असा का अक्का?”

“निर्जळी आहे ना. पहाटेपासून.”

मग विमलाबाईंचा आवाज एकदम खाली आला.

“एवढं काय म्हणून करता? कॉफी तरी घ्या की स्वल्प.”

“तुम्ही घेता?”

“हे अकराला देवघराचं दार लावून पारायणाला बसतात. दार उघडेपर्यंत माझी होते. लग्न होऊन आले त्या वर्षापासून.”

सुलभाताई खुर्चीवर बसल्या. आचार्यांना कळलं तर, असं त्यांनी विचारलं.

“कळायचं काय राहिलंय? दर दशमीला ताजी पूड तेच आणतात की. त्याबद्दल आमच्यात कधी बोलणं झालं नाही.” मागे कुठंतरी भांड्याचा आवाज झाला. “वेदिका आली की तिला दाखवते डबा कुठं असतो. सरी, ठेवते. दूध वर आलं.”

फोन ठेवून सुलभाताई ओट्यावरच्या त्या पाकिटाकडे बघत बसल्या. मग उठून त्यांनी पातेल्यात दूध घेतलं आणि गॅस पेटवला. पाकीट उघडल्याबरोबर घरभर वास सुटला आणि बाहेरून रत्नाकररावांनी विचारलं, काय गं, सुटली का एकादशी?

“नाही हो,” सुलभाताई म्हणाल्या. “आता त्यांच्या पद्धतीनं धरलीय.”